मिरचीचे पाच डबे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. वेळ आली नाही असं नव्हे — पुष्कळदा आली, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. आज तुम्ही ऐकताय, म्हणून सांगते. मधेच थांबले तर समजून घ्या.

साठच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच मास्तरीण झाले होते. तारापूरच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात शाळा मिळाली आणि काशीआयच्या घरात पडवीला लागून एक खोली. काशीआय विधवा. मुलगा हरेश्वर होडीवर जायचा. सून जमना माझ्याच वयाची, सफाळ्याकडची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि काशीआय ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. जमना उलट बोलत नसे. माझं पाणी भरून ठेवायची — मी नको म्हटलं तरी.

काशीआयचा जीव मिरचीच्या बियांत होता. मनोरच्या बाजारात ती सुकट घेऊन जायची, तिथे डोंगराकडच्या एका म्हाताऱ्या बाईने तिला हे बी दिलेलं. ती बाई पुढे वारली. तसली तिखट, बुटकी मिरची मग कुठे मिळेना. आणि आमच्याकडची जमीन खारी, त्यात काही धरत नसे. मी म्हटलं, डब्यात लावू. ट्रेनिंग कॉलेजात शेतकी हा विषय होता मला, त्याचा तोरा होता. बोईसरच्या दुकानातून तेलाचे सात रिकामे डबे आणले. तळाला भोकं पाडायची, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं, हे मीच काशीआयला समजावलं. पाडायचं कामही मीच घेतलं.

दोन डबे झाले. तिसऱ्याला खिळा सटकला, अंगठा ठेचला. मी उरलेले पाच तसेच ठेवून दिले — उद्या करू म्हणून. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काशीआयने माती भरून रोपं लावलेली. भोकं पाडलीस ना, तिने विचारलं. मी म्हटलं, हो, सगळ्यांना.

एवढंच असतं तर आज हे सांगत बसले असते का?

महिन्याभरात पाच रोपांची खालची पानं पिवळी पडली. दुपारी ती माना टाकायची. फुलं गळायची. पाणी घालणं जमनाकडे होतं. तिला वाटलं, तहानली आहेत, म्हणून ती आणखी घालायची. दोन रोपं मात्र हिरवीगार. काशीआयने मला बोलावलं. मी पानं उलटून पाहिली — कीड नव्हती. मातीत बोट घातलं. वरची माती सुकल्यासारखी, पण दोन पेरं खाली नुसता चिखल, आणि बोटाला कुजका वास. मला तेव्हाच कळलं. मुळं पाण्यात बुडून मरत होती. आणि का, तेही कळलं. कोणते पाच, हे मला मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

मग मी का बोलले नाही? त्या आळीत मला सगळे बाई म्हणायचे, पत्रं वाचून घ्यायला यायचे. खोटं बोलले, असं कसं सांगायचं? मी म्हटलं, बघते पुस्तकात.

त्या आठवड्यात काशीआयच्या डोक्यात वेगळंच शिरलं. जमना आपले अडचणीचे दिवस लपवते आणि तसाच हात झाडांना लावते, म्हणून ती जळतात. शेजारणींनी मान डोलावली. मूलही त्याचमुळे होत नाही, असंही कुणी म्हणालं. जमना रडली नाही. शपथ घेऊन नाही म्हणाली, पण ऐकतंय कोण? तिसऱ्या दिवशी काशीआय माझ्या दारात येऊन बसली.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. पोरीचा हात लागून असं होतं का नाय, तेवढं सांगा."

जमना आत भांडी घासत होती. आवाज येत होता मला. मी — मी काय म्हणाले माहीत आहे?

"असेल."

हेच ते. एवढाच शब्द. मी नुसती गप्प राहिले नाही, मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वर तिला माहेरी सोडायला निघाला. चार दिवस, असं म्हणाले सगळे. निघताना ती गाठोडं घेऊन माझ्या खोलीशी थांबली.

"बाई, मी नुसतं पानीच घातलं हो," ती म्हणाली.

मी म्हटलं, सांभाळून जा.

त्या दुपारी सगळी बंदरावर गेली असताना मी खिळा घेतला आणि पाचही डबे आडवे करून तळाला भोकं पाडली. काळं, घाण पाणी वाहत राहिलं. आठ दिवस कुणी पाणी घालू नका, असं मी काशीआयला सांगितलं. पंधरवड्यात नवी पालवी फुटली, महिन्यात फुलं.

कळलं ना काय झालं ते? मला वाटलं होतं, झाडं सुधारली की विषय मिटेल. काशीआयने आख्खी आळी गोळा केली आणि डबे दाखवले. बघा, ती गेली आणि झाडं जगली. माझं पाप झाकायला मी जे केलं, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. चार दिवसांनंतर कुणी तिला आणायला गेलं नाही. पुढच्या वर्षी हरेश्वरने डहाणूकडची मुलगी केली. लग्नात मी जेवले. नंतर माझी पालघरला बदली झाली.

पुष्कळ वर्षांनी सफाळ्याच्या बाजारात जमनाने मला ओळखलं. मी ओळखलं नव्हतं. भाजी घेऊन बसली होती, केस पिकलेले. भावाकडेच राहते म्हणाली. हात पुसून उठली, माझे दोन्ही हात धरले आणि शेजारच्या बाईला सांगितलं —

"ह्या आमच्या तारापूरच्या बाई. तवा सगली माझ्यावर उलटली. ह्यांनी एक वाकडा शबुद काडला नाय."

मी हसले. तब्येत कशी आहे, विचारलं. मग गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

गाडीला अजून पाऊण तास होता.