सहीच्या वरची जागा

आखातात, अल कुसैसला आमच्या बिल्डिंगचे वॉचमन मराठी होते, पूर्वी गावाकडे पोलिसात फौजदार. कुरियरची पावती असो की पाहुण्यांची वही, सही करण्याआधी सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत ते पट्टी ठेवून रेघ मारत. मला ऑफिसची घाई असायची.

"काका, यल्ला, चला लवकर! एवढं काय त्यात?" मी एकदा चिडलोच.

"इन्स्पेक्टरची एक जागा होती, साहेब. दावेदार आम्ही दोघं, मी आणि दुसरा एक फौजदार, एकाच बॅचचे. त्याच्या पंचनाम्यात जप्त मालाच्या यादीखाली, सहीच्या वर, जागा कोरी होती. तिथे मी त्याच्या अक्षरात लिहिलं, सोन्याची दोन बिस्किटं. नसलेली बिस्किटं मुद्देमालाच्या कपाटात सापडणार कुठून? चोर ठरवून त्याला काढला."

"कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"मोठ्या साहेबांच्या आलं. म्हणाले, असाच माणूस हवाय. बढती दिली, आणि पाच कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या."

काकांनी रेघ पुरी केली, सही केली.

"तिसरा कागद वापरला तेव्हा माझी नोकरी गेली. दोन अजून मोठ्या साहेबांकडेच आहेत."