टॉवरखालचा स्लॅब

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढलेलं माणूस भुताखेतांना घाबरत नाही, स्लॅबला घाबरतं. जुन्या बिल्डिंगमध्ये वरचा स्लॅब सुटला की तो खालच्यांना घेऊनच तळमजल्यावर येतो. आमच्या मागच्या गल्लीत तसं झालं, तेव्हा मी शाळेत होते. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

त्यानंतर पप्पांनी एक शिरस्ता सुरू केला. दर रविवारी चहा झाला की जळमटं काढायच्या काठीने घरभर छत ठोकून बघायचं. भरीव जागी ‘टण’ वाजतं. आत सळई गंजून सिमेंट सुटलं असेल तर ‘भद’.

आमचं घर शेवटच्या मजल्यावर, आणि डोक्यावर गच्चीत मोबाइलचा टॉवर. टूजीच्या वेळी लोखंडी खांब आणि लांबट अँटेना आल्या. थ्रीजीला त्यांच्या शेजारी आणखी पेट्या, फोरजीला आणखी. बटनांचे फोन अजून टूजीवरच चालतात, म्हणून जुनंही सगळं जागच्या जागी राहिलं. दर वेळी माणसं दोराने सामान वर ओढायची आणि आमचं छत घरघरायचं. मग फाइव्हजी आला. माझी नोकरी नेटवर्कच्याच कामाची, त्यामुळे मला ठाऊक होतं की या नव्या पेटीत अँटेना आणि रेडिओ एकत्र असतात, आणि ती चांगलीच जड असते. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले.

“बेटा, पानी की मोटर उसी के भाडे पे चलती है,” ते म्हणाले. विषय संपला.

तोवर आई गेली होती, मी लग्न होऊन बदलापूरजवळ सोनिवलीला आले होते, आणि पप्पा त्या छताखाली एकटे होते. आमच्याकडे यायला तयार नव्हते. मग मी अट घातली, की रविवारी ठोकताना फोन स्पीकरवर चालू ठेवायचा. ते बटनांचा फोन शर्टाच्या खिशात ठेवून ठोकायचे. मला ऐकू यायचं टक, टक, टक. “कडक आहे, टेन्शन नको घेऊस,” ते म्हणायचे, आणि माझा आठवडा सुरू व्हायचा.

तो फोन बिघडला तेव्हा मी त्यांना फोरजीचा घेऊन दिला. पहिल्याच रविवारी मी भाजी निवडत ऐकत होते. टण. टण. भद.

मी भाजी बाजूला सारली. जुन्या नेटवर्कवर आवाजाचा मधला पट्टाच जायचा. बोलणं कळायला तेवढा पुरतो, म्हणून खालचे जाड आणि वरचे बारीक आवाज कापून टाकलेले असायचे. फोरजीवर ते बरेचसे येतात. म्हणजे इतके दिवस मी जे ‘टक’ ऐकत होते, त्यातलं ‘भद’ माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं.

“पप्पा, आता कुठे ठोकलंत?”

“पलंगाच्या वर. काय झालं?”

“तिथे पोकळ वाजतंय. ठोकू नका.”

“कुठं पोकळ? ऐक की,” म्हणून ते आणखी जोरात ठोकायला लागले. भद, भद. मला रडूच फुटलं. ओरडून ओरडून मी त्यांना बाहेर जिन्यात बसायला लावलं.

सोनिवलीहून रिक्षा केली ती फोन कानाला लावूनच. अंबरनाथच्या पुढे एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जाताना क्षणभर आवाज गेला. तेवढ्या वेळात मी त्यांना ढिगाऱ्याखाली पाहून घेतलं.

ते जिन्यात बसले होते, काठी मांडीवर. मी ती घेऊन आत गेले आणि हात लांब करून पलंगावरचं छत हलकेच ठोकलं. उशीवर भुगा पडला.

“ऐकू आलं?” मी दारातून विचारलं.

त्यांनी ‘नाही’ म्हणून हात हलवला. जन्मभर कारखान्यात धाडधाड आदळणाऱ्या पॉवर प्रेसशेजारी उभे राहिलेले कान. मोठ्याने बोललेलं कळायचं, म्हणून आम्हाला कधी शंका आली नाही.

“खूप दिवस झाले,” ते म्हणाले. “सगळं सारखंच वाजतं मला.”

“मग ठोकता कशाला?”

“नाही ठोकलं तर झोप लागत नाही गं.”

“आणि कडक आहे म्हणून मला सांगत होतात ते?”

“तू घाबरतेस ना.”

त्याच दिवशी त्यांना सोनिवलीला घेऊन आले. कपड्यांच्या पिशवीबरोबर काठीही आली. आमची बिल्डिंग नवी आहे, वर टॉवरही नाही, नेटवर्कची बोंब आहे. तरी रविवारी चहा झाला की ते खोलीखोलीतून छत ठोकत जातात, आणि प्रत्येक ठोक्यानंतर थांबून माझ्या तोंडाकडे बघतात. मी नीट ऐकते आणि मगच मान हलवते.