अडीच फुटांत बसलेले मास्तर

आमचे ड्रॉइंगमास्तर चित्र काढण्याआधी परवानगी मागत. नुसत्या माणसाची नव्हे, त्याच्या चुलीचीसुद्धा. कागद मांडीवर ठेवून आधी विचारायचे, "बाई, ही चूल तुमची काय? काढू काय?" बाईने मान हलवली नाही, तर कागद कोराच राहायचा. एरवी चांद्याच्या शाळेतला हा माणूस हेडमास्तरांनाही भीक घालत नसे.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना गावाबाहेरच्या जुन्या लष्करी बराकींत ठेवलं होतं. छावणीत लोक कसे राहतात याचा अहवाल सरकारला हवा होता, म्हणजे पुढे नवी वसाहत बांधता येईल. वास्तुकला नुकतीच शिकून आलेल्या मी मापं घ्यायची आणि मास्तरांनी चित्रं काढायची, असं ठरलं. छावणीत कुठेही बसून काम करायची मुभा देणारं शिक्क्याचं पत्र आम्हा दोघांना नागपूरहून मिळालं होतं.

माझी टेप बघून मास्तरांना हसू यायचं. "साहेब, भिंत मापता, पन भिंतीले टेकून कोन बसते ते कुठी लिवता?" एका बराकीत गोणपाटं टांगून आठ बिऱ्हाडं केली होती. दार कुणालाच नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या पडद्यापाशी आलं की माणूस आधी खोकायचा. मास्तरांनी तो खोकणारा म्हातारा काढला. माझ्या नकाशात तिथे मोकळी जागा होती.

आणि मग मी माती खाल्ली. छावणीच्या तारेच्या कुंपणाला मागच्या अंगाला एक फट होती. मी ती मापली, अडीच फूट भरली. लाल शाईने ठळक दाखवून नकाशा मोठ्या ऐटीत छावणी सांभाळणाऱ्या कमांडंटसाहेबांकडे पाठवला. पुढच्या फाटकातून जायला पास लागे आणि पास फक्त घरच्या पुरुषाला मिळे. रुकीबाईसारख्या विधवा त्या फटीतून बाजारात पापड विकायला जात, त्यावर त्यांची पोरं जेवत. हे मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळीच हुकूम सुटला, फट बुजवा.

रुकीबाई ओरडली नाही. "साहब, हमसे पूछ तो लेते," एवढंच म्हणाली. मास्तर मात्र कडाडले, "तुमी मापलं. इचारलं काय?" आजही ते आठवलं की मान खाली जाते.

सकाळी मजूर तारेचं भेंडोळं घेऊन आले, तर फटीत स्टूल टाकून मास्तर बसलेले. मांडीवर कागद. मजुरांनी कमांडंटसाहेबांना बोलावून आणलं. ते आले ते तणतणतच.

"उठा आधी!"

"सरकारी काम करून राह्यलो. हे पत्र वाचा. चित्र पुरं झालं का उठतो."

"कधी होणार पुरं?"

"बाया जानं थांबवतील तवा. त्या तं जाऊनच राह्यल्या!"

खरंच, डोक्यावर टोपल्या घेऊन बायका मास्तरांच्या गुडघ्यांजवळून निघून जात होत्या. प्रत्येकीला वाट द्यायला मास्तर पाय आखडून घ्यायचे आणि पुन्हा पसरायचे. मी गेलो आणि शेजारी मातीत बसून त्यांची शाईची दौत धरली. आयुष्यात एवढं एकच धैर्य केलं.

तीन दिवस असं चाललं. उन्हाने मास्तरांचं कपाळ सोललं, पण ते हटले नाहीत. चौथ्या दिवशी कमांडंटसाहेबांनी स्वतःची अब्रू राखायला तिथे फाटकच बसवायचा हुकूम दिला. बायकांना दिवसभर मोकळी ये-जा, पास नको. त्याच आठवड्यात मास्तरांची बदली दूर जंगलातल्या सिरोंच्याला झाली. कळ कुणी फिरवली ते सांगायला नको. मी म्हणालो, "आपण अर्ज करू."

"काऊन? सिरोंच्यात मानसं राहत नाईत काय?"

ते निघाले तो नेमका बाजाराचा दिवस होता. टोपल्या घेऊन रुकीबाई आणि दहा-बारा जणी नव्या फाटकातून थेट मोटारस्टँडवर आल्या. एकीच्या हातात हार होता. मोटारीत बसलेले मास्तर भडकले.

"मले पोचवाले काऊन आल्या? तिकडे बाजार भरला ना! फाटक कायले उघडलं मंग? जा, पापड इका!"

रुकीबाई हसली, पदराने डोळे पुसले आणि पापडांची एक चळत त्यांच्या मांडीवर ठेवून वळली. तिच्यामागे साऱ्याच गेल्या. मोटार सुटली तेव्हा हात हलवायला मी एकटा उरलो होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ते बाजाराकडे चाललेल्या त्या टोपल्या बघत होते.