म्हशाच्या व्यापाऱ्याने ठेवून घेतलेली वायर

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या एका बैलव्यापाऱ्याने मला फसवलं. गेमचं मशीन विकलं आणि त्याची विजेची वायर ठेवून घेतली.

माझी मुलगी एक जुना गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या स्पर्धेसाठी कल्याणला जाणार आहे. हात बसलाय मोबाइलवर, पण स्पर्धा अस्सल जुन्या मशीनवर. त्यावर बटण दाबल्याक्षणी उडी पडते, मोबाइलवर जराशी उशिरा; ती सवय तिथे दगा देते. सरावाला तेच मशीन हवं होतं, आणि ते या व्यापाऱ्याच्या माळ्यावर पडून होतं, त्याच्या मुलाच्या लहानपणापासून.

मी पेंढा विकत विकत शहापुरात दुकान उभं केलेला माणूस. भावात सहसा हरत नाही. त्याने मशीन टीव्हीला जोडून चालवून दाखवलं, पण किंमत सोडेना. शेवटी मीच तडकलो.

"तुमी बैलवाले ना? मग बाजारासारखं बोला, रुमालाखाली."

त्याने रुमाल टाकला. त्याखाली मी त्याची बोटं दाबून आकडे सांगत गेलो आणि त्याला मला हव्या त्या भावाला आणलं. मशीन उचललं, तर तो वायर गुंडाळत होता.

"ती पण टाका पिशवीत."

"दावं नाय देत आमी, शेठ. जनावर जातं, दावं घरात ऱ्हातं. बाजारासारखं तुमीच बोललात."

ओटीवरची माणसं हसली. रीत खोटी नाही. बैल विकला तेव्हा माझ्या बापानेही दावं खुंटीलाच ठेवलं होतं. मी रागारागाने निघालो. म्हटलं, वायरी काय, शहापुरात ढिगाने मिळतात.

त्या पिनची एकही मिळाली नाही. मुरबाडचा दुरुस्तीवाला म्हणाला, "आतून जोडून देतो. पण जळलं तर बोलायचं नाय." मुलीने मशीन त्याच्या हातातून काढून घेतलं.

तिने घरी सगळं मांडून ठेवलंय. शेजाऱ्यांचा जुना डबा टीव्ही आणला, गेमच्या कॅसेटची टोकं कापसाने पुसली. रोज त्या बंद मशीनसमोर बसून बटणं दाबते. बोटांना निदान त्यांचा कडकपणा कळावा म्हणून. काल तिने विचारलं, "बाबा, भाव किती कमी केलात?"

भाव मीच पाडला, आता वायर मागायला त्याच्या ओटीवर पुन्हा कुठल्या तोंडाने जाऊ?

स्पर्धा आठ दिवसांवर आलीय. बैलाला दुसरं दावं सुंभाचं वळता येतं, याला मी काय वळू? घरची बरकत जनावरामागे जाऊ नये म्हणून दावं ठेवतात. त्या वायरीने त्याच्या गोठ्यात कुठली बरकत राहिली, ते त्याने इथे यावं, बंद मशीनसमोर बसावं आणि माझ्या मुलीला सांगावं.