पहिल्या सहीचा मान

माझं ऑफिस भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या वर होतं. खाली शिफ्ट चालू असली की टेबलावरचा पाण्याचा पेला आपोआप सरकायचा आणि पक्षकाराला आपलं गुपित मला ओरडून सांगावं लागायचं. मी मृत्युपत्रं करायचो, वारसांचे दावे चालवायचो. म्हणजे धंदाच गुपितांचा. मध्येच वीज जायची, लूम एकदम गप्प व्हायचे, आणि "धाकट्याला काडीही द्यायची न्हाय" हे वाक्य जिन्यापर्यंत स्वच्छ ऐकू जायचं. जिन्यात बऱ्याचदा धाकटाच बसलेला असायचा.

दोन हजार सालानंतर राहनाळकडच्या भातजमिनींवर गोदामं उभी राहिली, तशा माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोटांतल्या अंगठ्या वाढल्या. त्यांतलेच एक शेठ. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाआधी तीन बिरुदं होती आणि ती मृत्युपत्रातही यावीत अशी त्यांची इच्छा होती.

"बिरुदांना वारस नसतात," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या ना. वाचताना बरा वाटेल."

मी ती घातली. बिरुदांनी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मुद्दा शेठच्या बहिणीचा होता. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. पुढे शेठची बायकोही गेली, तेव्हा त्यांची दोन्ही मुलं हिनंच वाढवली. रस्त्याच्या कडेला अंगण आणि दोन खोल्या, एवढीच तिची जागा. तीही कागदावर शेठचीच. जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली, म्हणून ती कुणालाही द्यायला ते मोकळे होते. पण लिहून ठेवल्याशिवाय तिला काहीही मिळणार नव्हतं. मुलं असताना कायदा बहिणीकडे बघतही नाही.

"पोरं वाईट न्हाईत," शेठ म्हणाले. "पन रस्त्याची जागा हाय. मी गेल्यावर कोनी तिला उठ म्हनू नये, एवढाच लिवा."

मी लिहिलं. मग मला योग्य वाटलं ते सांगितलं: रजिस्ट्रारच्या कचेरीत चला, आणि साक्षीला दोन धडधाकट माणसं आणा, चाळिशीच्या आतली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बारशाला पाळण्याऐवजी खोकं आणायला सांगितलं होतं.

"कचेरीत रांग लावू? आनि पोरासोरांच्या सह्या माझ्या विलवर? लोक काय म्हनतील?"

"लोक म्हणतील तेव्हा तुम्ही नसाल, शेठ."

"म्हनूनच विचारतो."

साक्षीदार ठरले ते असे: एक त्यांचा सख्खा मामा, दुसरे गावचे जुने सरपंच. दोघंही शेठपेक्षा वयानं मोठे. समारंभ घरी, ओटीवर, दिवस बघून. मुलं त्या दिवशी नवस फेडायला वज्रेश्वरीला जातील, म्हणजे प्रश्नही नकोत. निघताना मी पुन्हा बजावलं: आधी तुमची सही, ती दोघांनी डोळ्यांनी बघायची, मग त्यांच्या सह्या. शेठनी मान हलवली. टाळ्यांना ते अशीच मान हलवत.

मीही हजर राहणार होतो. पण राहनाळच्या रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला आणि त्याच्या मागे मी वकिली कोटात घामाघूम होऊन बसून राहिलो. पोचलो तेव्हा पंगत उठली होती. ओटीवर पाटावर कागद, कागदावर हळदीकुंकू, आणि तिन्ही सह्या मी पेन्सिलीनं खुणा केलेल्या जागी व्यवस्थित. बहिणीनं माझं पान वाढलं, तेव्हा सगळं नीट आहे असं मी तिला सांगितलं. मटण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. इतका नेटका कागद मला फार कमी वेळा बघायला मिळाला होता. जेवणही.

काही वर्षांनी शेठ गेले. त्यांच्याआधी सरपंच गेले होते. मुलांनी बापाचं दिवसकार्य थाटात केलं, आणि मग जागेचं बोलणं निघालं. रस्त्याला लागून मोठं गोदाम होत होतं आणि आत्याच्या दोन खोल्या नेमक्या त्याच्या तोंडाशी येत होत्या. मी मृत्युपत्र पुढे केलं. मुलांनी ते खोटं आहे असं म्हटलं नाही. सिद्ध करा म्हणाले. धाकटा तारखेला आत्याला आपल्याच गाडीतून आणायचा आणि कोर्टाच्या आवारात तिला चहाही पाजायचा.

"आत्या, तुझी सोय आमी करनारच ना," तो म्हणायचा.

"माझी सोय माझ्या घरान हाय," ती म्हणायची आणि बशीत चहा ओतायची.

मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो. आमचा एकच उरला होता, मामा. ऐंशीच्या पुढचे, पण काठीशिवाय चालणारे. तारखेच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. विचारलं, त्या दिवशी सगळं तुमच्यासमोर झालं ना?

"म्हंजे? माझ्यासमोर न्हाय तर कुनासमोर? भाची हाय ती माझी. तिच्यासाठी मी कोर्टातच काय, कुठंही येईन."

याहून चांगला साक्षीदार मला शोधूनही मिळाला नसता. मामा आले ते नवं धोतर, कोट आणि फेटा घालून. माझ्या प्रश्नांना त्यांनी खणखणीत उत्तरं दिली. ही सही माझी, ही सरपंचांची, ही भाच्याची. मग मुलांचे वकील उठले. वयस्क, मवाळ गृहस्थ. वाकून नमस्कार करून विचारणारे.

"मामा, गावात तुमच्याहून मोठं कुणी नाही असं ऐकलं."

"आता न्हाय."

"मग त्या दिवशीही मान तुमचाच असणार. पहिली सही तुमचीच ना?"

हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हे माझ्या ध्यानात नव्हतं. आधी साक्षीदार सही करील, ही गोष्ट माझ्या पुस्तकांतही नव्हती.

"मग?" मामा म्हणाले. "मी असताना भाचा आधी सही करील? त्यानंच पेन माझ्या हातात दिला. म्हनाला, मामा, पहिला मान तुमचा."

"शोभेल असंच केलं. आणि दुसरी सही?"

"सरपंचांची. मग त्याची. लहान ना तो."

"त्यानं सही केली तेव्हा तुम्ही शेजारीच उभे असाल."

"उभा कशाला ऱ्हाऊ? आमी आत पाटावर बसलो व्हतो. पहिली पंगत आमा दोघांची."

"म्हणजे सही करताना दिसला नाही?"

"मधी भिंत व्हती ना," मामा म्हणाले. आवाजात थोडी कीव होती. एवढ्या शिकलेल्या माणसाला भिंत समजावून सांगावी लागते, याची.

न्यायाधीशांनी उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. टायपिस्टनं ते टाइप केलं. मी उठलो. भिंतीत खिडकी होती का? विचारलं. होती, म्हणाले, पण मागच्या अंगाला, विहिरीकडे. मी खाली बसलो. सरपंच त्याच पंगतीत होते आणि आता तर कुठल्याच पंगतीत नव्हते. ज्याचं मृत्युपत्र, त्याला सही करताना साक्षीदारांनी पाहिलंच नाही, तर मृत्युपत्र कायद्याच्या हिशेबी साधा कागद. हळदीकुंकवासकट.

मामा पिंजऱ्यातून उतरले आणि माझ्याजवळ आले.

"बरा बोललो ना?"

"बरं बोललात, मामा."

"एक शब्द खोटा न्हाय."

"नाही."

बाहेर व्हरांड्यात बहीण बाकावर बसली होती. तिला आतलं सगळं ऐकू आलं होतं. मामा बाजूला बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फेटा उतरवून मांडीवर घेतला. तिनं त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "आत मीच बोलावला त्यांना. दादा सही करायचा व्हता अजून. पन भाकऱ्या गार व्हत व्हत्या."

मी काहीतरी बोललो असेन. अपील, वगैरे. अशा वेळी आम्ही वकील माणसं नेहमी अपील म्हणतो, जसं दवाखान्यात सलाइन.

पुढे मी लेखी युक्तिवाद दिला. एकाच घरातला, एकाच बैठकीतला प्रकार आहे; ओटी आणि माजघर यांत फरक करू नये. न्यायाधीशांनी तो आदरानं वाचला असावा, कारण निकालपत्रात त्याची पुरी दखल घेऊन तो फेटाळला होता. अपील करायला ती तयार झाली नाही. मामांना पुन्हा कुणी कोर्टात ओढील या भीतीनं. तसं कुणी ओढणार नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी तवाही सांगितला व्हता ना, सगला नीट हाय."

गोदाम झालं. त्याच्या वास्तुपूजेची पत्रिका माझ्या ऑफिसात आली; त्या भागात विरुद्ध बाजूच्या वकिलालाही बोलावतात, हरलेला असेल तर अगत्यानं. न जाण्याचं कारण शोधत मी गेलो. जिथं अंगण होतं तिथं शटर होतं. तिची सोय मुलांनी खरंच केली होती: मोठ्याच्या बंगल्यात, स्वयंपाकघराला लागून एक खोली, पंखा, नवा पलंग. जुन्या दोन खोल्यांची किल्ली अजून तिच्या कमरेला होती.

नारळ मामांनी फोडला. मग ती दारात आली, पदर खोचलेला, हात पिठाचे.

"मामा, चला. वकीलसाहेब, तुमीपन. पहिल्या पंगतीला बसा."

मी मागच्या पंगतीला बसतो म्हणालो. तिनं ऐकलं नाही. मामांनी माझं मनगट धरून मला शेजारच्या पाटावर बसवलं. तिनं भाकरी वाढली. ती गरम होती.