टिंबक्टूवाली ताई

टिंबक्टूवाल्या ताईइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. परदेशात क्लेमेंटी भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. लिफ्टमध्ये ती एकटी चढायची नाही, सोबतीला कुणी येईपर्यंत खालीच उभी राहायची. गॅस बंद केला ना, हे बघायला बसस्टॉपवरून परत यायची. कुणी हसलं तर शांतपणे म्हणायची, "हसा. मी घाबरते आणि कामं करते."

ती पुण्याची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. इथल्या विद्यापीठात मालीच्या, म्हणजे टिंबक्टू शहर ज्यात होतं त्या, जुन्या राज्यावर संशोधन करायची. मी जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून दमून आलो की जेवताना मला तिकडे घेऊन जायची. मिठाच्या लाद्या लादून वाळवंटातून येणारे उंट, बदल्यात मिळणारं सोनं, मशिदीत नमाज पढणारा राजा आणि त्याच्याच दरबारात पक्ष्यांची सोंगं घेऊन गाणारे भाट. "सोन्याबद्दल सगळे विचारतात," ती म्हणायची. "ती माणसं देवाकडे काय मागत होती, हे कुणी विचारत नाही."

ते लिहिलेलं होतं टिंबक्टूतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी, पिढीजात पोथ्यांमध्ये. ताई त्यांना बाबा म्हणायची. महिनाभर त्यांच्याकडे राहून तिने पानन् पान फोटोत उतरवून आणलं होतं.

२०१२ साली त्या शहरात बंदूकधारी शिरले. जुन्या संतांच्या कबरी फोडल्याच्या बातम्या आल्या आणि बाबांचा फोन लागेनासा झाला. ताईचं जेवण सुटलं. आंघोळीला जातानाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यायची. तिच्या खोलीतून आवाज आला नाही की मलाच धडकी भरायची.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, बाबांचा फोन आला. दोन मिनिटं फ्रेंचमध्ये बोलणं झालं. मग ती माझ्याकडे वळली.

"पोथ्या घरातून हलवल्यात. कुठे, ते विचारू नकोस म्हणाले. त्यांचं नाव कुठेही छापायचं नाही. छापलं तर ते लोक त्यांच्या मुलांना धरतील."

तिचा मोठा लेख पुढच्याच महिन्यात येणार होता. पोथ्या कुणाच्या, हे सांगितल्याशिवाय तो कुणी छापणार नव्हतं, आणि तिची नोकरी त्या लेखावर टांगलेली होती. तिच्या प्राध्यापकांकडे जाताना तिने मला सोबत नेलं. मी दाराबाहेर बसलो.

"टिंबक्टूत कोण वाचणार आहे तुझा लेख?" आतून त्यांचा आवाज आला.

"माहीत नाही, सर. म्हणूनच नको."

लेख मागे घेतला. वर्षअखेर तिची नोकरी संपली, इथे राहायचा पासही संपला. सामान बांधताना मी विचारलं, "सगळं जाईल याची भीती नाही वाटली?"

"खूप वाटली. पण बाबांसाठी त्याहून जास्त वाटत होती."

पुण्यात ती एका कॉलेजात शिकवू लागली. टिंबक्टू बंदूकधाऱ्यांच्या हातून सुटलं तरी बाबांची काही खबर नव्हती. चार वर्षं मी तिला फोन करायचो, आणि दर वेळी विचारायचं टाळायचो.

मग एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये तिचा मेसेज आला. "बाबा गेले. घरीच, झोपेत. मुलं जवळ होती. पोथ्याही."

कुणी गेल्याचं वाचून हायसं वाटावं, असं माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं.