आत्या सेव्ह होत नाही

आमच्या घरात सॉफ्टवेअर निवडण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात अन्याय आहे हे बाकी कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

काम साधं होतं. माझी अकोल्याची आत्या जन्मभर वस्तीच्या कार्यक्रमांत गात आली. शब्द तिचे, चालही तिचीच, पण एकही गाणं कुठे भरून ठेवलेलं नाही. आता तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन इथे अमरावतीला, गुरुवारी. गाठ साधी आहे, निघेल, पण आवाज होता तसाच परत येईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून त्याआधी तिचं एक तरी गाणं आमच्या घरी रेकॉर्ड करायचं ठरलं. मागचे इलेक्ट्रॉनिक ठोके वगैरे मी लावणार होते. माईक आणला, हेडफोन आणला, बाबांचा जुना कंप्युटर पुसला. राहिलं फक्त सॉफ्टवेअर.

त्यात मी लक्ष घातलं. (मी लक्ष घातलं की आमच्या गल्लीत लोक दारं लावून घेतात.)

एका मित्रानं पेन ड्राइव्हमध्ये चोरीचं सॉफ्टवेअर आणलं. त्याला मी दारातच श्रमाच्या चोरीवर असं सुनावलं की तो चहा न घेता गेला. दुसरं सॉफ्टवेअर दरमहा भाडं मागत होतं. म्हणजे घसा आत्याचा, गाणं आत्याचं, आणि खंड परदेशातल्या मालकाला! मी तिथल्या तिथे पत्रक काढलं: ‘आवाज आमचा, तर कूळ आम्ही कसे?’ आणि घरातल्या तिघांना वाटलं. आत्यानं त्याची घडी घालून वारा घेतला.

मग माझ्या विचारात बसणारं मुक्त सॉफ्टवेअर आलं. लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही आतून उघडून पाहावं असं. आत्यानं हेडफोन घातला, पहिली ओळ घेतली आणि थांबली.

“काहून वं, माह्या मांगं कोण गाऊन राह्यलं?”

“तूच आहेस, आत्या. आवाज आत जाऊन परत यायला जरा वेळ लागतो.”

“मंग त्याले संगं चालाले सांग. मी पुढं अन् थे मांगं. निरा तुह्या बापासारखं हाय.”

“म्या काय केलं आता?” बाबा पेपराआडून म्हणाले.

(दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. सेटिंगमधला एक आकडा बदलायचा होता, हे मला फार पुढे कळलं. त्या वेळी मी ‘मुक्त म्हणजे फुकट नव्हे’ हे आईला समजावून सांगण्यात गुंतले होते.)

“पोरी,” आई म्हणाली, “बुधवार झाला. गानं कवा होईन?”

तेव्हा मी तत्त्व गिळलं आणि एका बड्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची ट्रायल घेतली. अटींचं लांबच लांब पान उघडलं. ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ हे पत्रक ज्या हातांनी मी पार नांदगाव खंडेश्वरपर्यंत वाटलं होतं, त्याच हातांनी न वाचता ‘मान्य’ दाबलं. दाबण्याआधी या शरणागतीमागची भूमिका घरच्यांपुढे सविस्तर मांडली. मग कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद.

आणि आत्या गायली. तिच्या आईच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं गाणं. शेवटच्या कडव्यात ती जो वरचा सूर लावते, तिथे बाबांनी पेपर तोंडावर धरला. तो उलटा होता.

मी सेव्ह दाबलं. कंप्युटरनं नम्रपणे कळवलं की ट्रायलमध्ये सेव्ह करता येत नाही.

“म्हणजे गानं कुठी हाय?” आत्यानं विचारलं.

“आत आहे. पण बाहेर येत नाही.”

“गाठीसारखं,” आत्या म्हणाली.

पुन्हा गा म्हणायची सोय नव्हती. डॉक्टरांनी घशाला ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि तिचा आवाज आता फाटायला लागला होता. तीच म्हणाली, “स्पीकरवर वाजव अन् मोबाइलात भरून घे. झालं.”

“अशानं दर्जा जातो, आत्या.” हे वाक्य मी बोलले. माझ्याच तोंडानं.

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर एक तर कूलर चालणार, नाही तर कंप्युटर. अमरावतीची एप्रिलची दुपार, चार माणसं ओले नॅपकिन डोक्यावर घेऊन एका पडद्यासमोर बसलेली, जणू आत कुणाला सलाइन लावलंय. मी गच्चीवर जाऊन त्याच पेन ड्राइव्हवाल्या मित्राला फोन केला.

“श्रमाच्या चोरीवर आधी बोलायचं की नंतर?” त्यानं विचारलं.

त्याची माफी मागून, उपाय समजून घेऊन मी खाली आले, तर पडदा काळा.

“बंद करू काय म्हणून इचारून राह्यलं होतं थे,” बाबा म्हणाले. “म्या हाव म्हटलं.” बाबांनी सारी नोकरी सरकारी कचेरीत केली. इंग्रजीत प्रश्न आला की हो म्हणायचं, हे त्यांच्या हाडात गेलेलं.

आत्यानं नॅपकिन डोक्यावरून काढला आणि उगाच पिळत बसली. मला रडू यायला लागलं.

मग आई उठली आणि फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला आपला मोबाइल घेऊन आली. “हे अजून चालूच हाय वाट्टे.”

“काय चालू आहे?”

“तुह्या मामाले पाठवाचं होतं. म्हटलं, पाह्य भाऊ, पोट्टी किती बोलते. बंद कराचं राहूनच गेलं.”

लावलं. आधी माझं भाषण, मध्ये बाबांचं खोकणं, “झालं काय वं तुह्यं?” हे आत्याचं, आणि मग गाणं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या सुरापर्यंत. माझे इलेक्ट्रॉनिक ठोके हेडफोनातच राहिले होते. बरं झालं.

ऑपरेशन नीट झालं. आत्या आजही गाते. आवाज जरा जाड आलाय, आणि वरच्या सुराशी आली की ती खालूनच वळते. तो सूर आता फक्त आईच्या मोबाइलमधल्या त्या फाइलमध्ये आहे. आईचे हे उपकार मी जन्मभर फेडत राहीन, आणि तेही शक्यतो गप्प बसून.

फाइल आता अकोल्यात घरोघरी गेली आहे. पुढचं भाषण कापून टाकू का, असं मी आत्याला विचारलं. “राहू दे,” ती म्हणाली, “पोट्ट्याइले पाठ झालं.” चौकाचौकांत मी इतकी भाषणं केली, पण लोक शेवटपर्यंत थांबून ऐकतात असं माझं हे एकच. त्यानंतर आत्याचं गाणं आहे.